खड्ड्याचं पाणी

"वहिनी, दुसरं काही राहिलं तरी चालेल, पण हा खड्डा सुकू द्यायचा नाही. सकाळी एक हंडा, दिवस कलताना एक. आणि पाइपाला हात लावायचा नाही. पाणी वरून सोडायचं."

हिरामणभाऊंचा आवाज असाच हळू. समोरच्याला दुसऱ्यांदा विचारायला लागू नये म्हणून एकेक शब्द सुटा ठेवून बोलायचे. हे यंत्र होतं ती घरामागची खोली आता आम्ही पेंढा रचायला वापरतो. दाराची एक फळी गेली आहे, आत साप निघतो म्हणून पोरं जात नाहीत. तरी उन्हाळ्यात त्या बाजूने गेलं की मला ते शब्द ऐकू येतात, आणि खड्ड्याच्या जागेवरची माती मी पायाने चाचपून बघते.

आमचं गाव कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या अगदी पायाशी. वर डोंगराच्या पोटात इंग्रजांच्या काळात पाण्यासाठी बोगदा खणायला घेतला होता. दरड कोसळून माणसं मेली म्हणतात. काम अर्ध्यावर टाकून ते लोक निघून गेले, आणि तेव्हापासून गावातलं कोणी तिकडे फिरकत नव्हतं. त्या बोगद्यात मुंबईच्या साहेबलोकांनी लांबलांब नळ्या आणून मांडल्या. आभाळातून म्हणे अतिशय बारीक कण येतात, रात्रंदिवस. छपरातून जातात, माणसाच्या अंगातून जातात, कुणाला कळत नाही. बहुतेकांना डोंगराचा खडक अडवतो. एवढा खडक पार करून जे आत पोचतात, तेवढेच साहेबांना मोजायचे होते. असा एखादा नळीतून गेला की नळीत जरासा झटका बसायचा.

तो झटका बघायला आत माणूस बसू शकत नव्हता. छत गळायचं, हवा कोंडलेली, वटवाघळांचा वास, आणि उकाडा असा की अंगावरचं ओलं वाळायचं नाही. सुरुवातीला दोघेजण बसून बघायला गेले, ते तापाने आडवे झाले. म्हणून वाचायचं यंत्र खाली गावात, वीज होती तिथे, आमच्या घरामागच्या खोलीत आणलं. तिथून बोगद्यापर्यंत काळी केबल ओढली. ऐनाच्या लाकडी खांबांवरून, ओढा ओलांडून, कड्याच्या कडेकडेने वर. आमच्या ह्यांना त्या केबलवर राखणदार म्हणून घेतलं. सकाळी खांबाखांबाने वर जायचं, माकडांनी कुठे ओढली का, साळिंदराने कुरतडली का बघायचं, आणि खाली येऊन यंत्रातली कागदाची गुंडाळी बदलायची.

हिरामणभाऊ साहेबांचे मिस्त्री. केबलचा एकूण एक सांधा त्यांच्या हातचा. आमच्या सासूबाई, चंद्रभागाबाई, त्यांना नेहमी विचारायच्या की एवढ्या लांबून काय ऐकता रं तुम्ही. एकदा ओट्याखाली बसून त्यांनी सासूबाईंना समजावलं. वरच्या वाडीतून कुणी हाक मारली तर खाली येईपर्यंत ती विरते, म्हणून मध्ये कुणीतरी ऐकतो आणि तीच हाक पुढे देतो. तसंच हे. अर्ध्या वाटेवर एक पेटी बसवली आहे, ती हाक पुढे देते. पण एवढ्या लांबची केबल वाटेतलं नको ते सगळं गोळा करत येते. विजेच्या तारांची गुणगुण, कुठल्या रेडिओची खरखर. ते सगळं जमिनीत सोडून द्यावं लागतं, त्याच्यासाठी हा खड्डा. माती ओली असली तर जमीन ते पिऊन टाकते. सुकी असली तर हाक कुठली आणि गलका कुठला, काही कळत नाही.

सासूबाईंनी मान हलवली. "म्हंजी जमीन तानेली हाय तवर ती कुनाचं ऐकत नाय."

"हां आजी," हिरामणभाऊ म्हणाले. "तसंच म्हणायचं."

खड्डा आमच्या परसात होता, कारण बाकी सगळीकडे हातभर खाली कातळ. आत तांब्याचा पत्रा पुरलेला, त्याच्यावर कोळसा आणि मीठ थराथराने, मधून एक लोखंडी पाइप वर आलेला. पाइपाच्या गळ्याला पट्टी आवळलेली आणि तिच्यातून जाड तार खोलीत गेलेली. पाणी हिरामणभाऊंनी स्वतःच घातलं असतं, गावात राहिले असते तर रोज घातलं असतं. पण ते खालापूरकडचे, त्यांच्या घराने छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतलेली, आणि आमच्या विहिरीचा रहाट त्यांच्या हाती कुणी दिला नसता. त्यांनी कधी मागितलाही नाही. पंधरा दिवसांनी यायचे तेव्हा पिण्याचं पाणी कर्जतहून डब्यात घेऊन यायचे. मला विचारलं, मी हो म्हटलं.

मला एक नेम आहे, माहेराहून आईने लावून दिलेला. पहाटे उठल्यापासून तुळशीला आणि पारावरच्या पिंपळाला पाणी घालून होईपर्यंत बोलायचं नाही. खड्ड्याला शब्द दिला तेव्हा तोही मी त्यातच धरला. तुळस, पिंपळ, मग खड्डा. तिन्ही झाले की तोंड उघडायचं.

खोली झाडायला मी जायची तेव्हा कागद हळूहळू सरकत असायचा आणि पेन त्याच्यावर सरळ रेघ ओढत असायचं. कण पोचला की पेन एकदाच उडायचं, बारीक उभी रेघ उठायची. बराच वेळ काही नाही, मग एक. मी केरसुणी घेऊन थांबायची. एवढ्या खडकातून कोणीतरी आला, असं मनात यायचं आणि हात जुळायचे.

साहेबांपैकी पुष्कळांना मात्र हे पटत नव्हतं. असल्या गळक्या भोकातून एवढ्या लांबवर काही नीट वाचता येणार नाही, नळ्या उचलाव्या, असं त्यांचं म्हणणं. हिरामणभाऊंनी आणि त्यांच्या बाजूच्या एका साहेबांनी एक उन्हाळा मागून घेतला होता. पावसाळ्यात विजा कडाडल्या की गलका थांबत नाही, तेव्हा काय दाखवायचं ते उन्हाळ्यात. मिरगाच्या आधी मोठे साहेब स्वतः येऊन बघणार होते. रेघ स्वच्छ दिसली तर काम पुढे चालायचं. नाही दिसली तर नळ्या, केबल, पेटी, सगळं गाडीत घालून न्यायचं. हिरामणभाऊ एवढंच म्हणाले होते, "इतक्या लांबून ऐकू येतं वहिनी. एकदा त्यांना दाखवायचं आहे, बस."

तो उन्हाळा त्र्याहत्तरचा निघाला.

आदल्या साली पाऊस श्रावणातच आटपला होता. देशावरची माणसं खडी फोडायला लागल्याचं कानावर यायचं. आमच्याकडे तेवढं नव्हतं, पण चैत्रातच विहिरीच्या तळाची कपार दिसायला लागली. पेज नदीला वीजघराचं पाणी असायचं, पण पेज आमच्यापासून दोन गावं पलीकडे. विहिरीवर पाळ्या लागल्या. पहाटे हंड्यांची रांग, आणि झऱ्यातून पाणी जमेल तसं एकेकीने शेंदायचं.

रांगेत माझ्या पुढे नेहमी गोदा असायची. माझ्या शेजारची, एकाच वर्षी लग्न होऊन दोघी या गावात आलेल्या. सुरुवातीला ती थट्टाच करायची. "जानके, तुझ्या खड्ड्याला कितवा म्हैना गं? लई पितो." बायका हसायच्या. मीही हसायची, कारण बोलणं नव्हतं. कुणीतरी म्हणायचं बारसं कधी. गोदाच उत्तर द्यायची, बापाचं नाव मुंबईहून आल्यावर.

वैशाख लागला आणि थट्टा संपली. एका सकाळी माझा दुसरा हंडा भरत आला होता, तेव्हा गोदाने त्याच्या तोंडावर हात ठेवला.

"घरचं ने," ती म्हणाली. "खड्ड्याचं नाय. माझ्या पोराला ताप हाय. तांब्याभर जास्त घेतलं तर दामूच्या बायकोनं सगळ्यांदेखत वतायला लावलं मला. आनि तू मातीत वततेस."

मी उभी राहिले. तुळशीला पाणी अजून घालायचं होतं, पिंपळाला घालायचं होतं, बोलता येत नव्हतं. मान हलवून काय सांगणार? हो म्हटलं तर शब्द जातो, नाही म्हटलं तर तिच्या पोराच्या तोंडचं काढल्यासारखं.

"बगा, बोलत पन नाय," मागून एकजण म्हणाली. "साहेबाची झाली ती."

मी दुसरा हंडा तिथेच सोडला. गोदाने तो उचलला नाही. शेवटी रांगेतल्या सगळ्याच जणींनी ते वाटून घेतलं म्हणे. घरी येऊन तुळशीला आणि पिंपळाला तांब्या तांब्या घातलं. खड्ड्याला काही उरलं नाही. म्हणून मी बोलले नाही.

दिवसभर बोलले नाही. भाकऱ्या केल्या, गुरांचं केलं, सासूबाईंचे पाय चेपले. हे वरून उतरले, विचारलं, मी खड्ड्याकडे बोट दाखवलं. त्यांना राग आला. खड्ड्यापायी मुकी होणार का, साहेब काय तुझ्या तोंडात घास घालतात का, असं बरंच बोलले. सासूबाई ओट्यावरून बघत होत्या. मी तांदळाचं धुवण बाजूला ठेवत गेले, भांड्यांची शेवटची विसळ ठेवली, आणि अंघोळीऐवजी परातीत उभी राहून ओल्या फडक्याने अंग पुसलं ते पाणी ठेवलं. दिवेलागणीला सगळं मिळून हंडाभर झालं. ते खड्ड्यात सोडलं आणि सासूबाईंना म्हटलं, जेवायला बसा.

पानावर बसल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि घास तोंडाकडे नेता नेता हात थांबला. त्या घाबरल्या होत्या. तेव्हा मला वाटलं, म्हातारपण आहे, उन्हाचा त्रास होत असेल.

पुढचे बरेच दिवस असेच गेले. कधी दुपारी, कधी संध्याकाळी खड्ड्यापुरतं पाणी जमायचं आणि मग माझं तोंड उघडायचं. गोदा बोलायची बंद झाली होती, त्यामुळे तसंही सकाळी बोलायला कुणी नव्हतं.

एका शनिवारी खड्ड्याशी गेले तर पाइप शेंदराने माखलेला. तेलाने चकचकत होता, वर कण्हेरीचं फूल ठेवलेलं. सासूबाई ओट्यावर माळ ओढत बसल्या होत्या.

"जागेवाला हाय तो," त्या म्हणाल्या. "ज्याची जागा, त्याला कुनी इचारलं नाय, नुसतं खनलं. तुजी वाचा धरून बसलाय. मान ठेवला तर सोडंल."

मला त्यात वावगं वाटलं नाही. त्यांचा जीव माझ्यासाठी तुटत होता. मी हात जोडले, पाइपाला न शिवता वरून पाणी सोडलं.

त्याच दिवशी हे खोलीतून बाहेर आले ते कपाळाला हात लावून. रेघेला केस फुटलेत म्हणाले. मी जाऊन बघितलं. सरळ रेघ कुठे दिसत नव्हती. पेन थरथर थरथर कापत होतं आणि कागदावर काळा खरबरीत पट्टा उठत होता. त्यात कण आला काय आणि गेला काय, कुणाला दिसणार. ह्यांनी सांगितलं की माती सुकली, दुसरं काय असणार. धुवणाने भागत नाही.

म्हणून मी ओढ्यात जायला लागले. ओढा कोरडा, पण वाळूत हातभर खणलं की डवऱ्यात पाणी झिरपायचं. करवंटीने ते हंड्यात भरायचं आणि चढ चढून परत यायचं. पहाटे एकदा, उन्हं उतरल्यावर एकदा, मग दुपारचीही जायला लागले. खड्ड्याचं पाणी पहाटेच व्हायचं म्हणून माझं तोंडही सकाळीच उघडायचं, आणि सासूबाईंना तो शेंदराचा गुण वाटायचा. डोक्यावरची चुंबळ काढली तरी ती आहेसं वाटायचं. सोमवारचा उपास मी सोडला नाही. घसा कोरडा पडायचा आणि हंड्यातलं पाणी डुचमळलेलं ऐकू यायचं. खड्डा सगळं प्यायचा. पट्टा काही सरळ होत नव्हता. ह्यांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर कर्जतला निरोप धाडला.

हिरामणभाऊ आले ते आठवड्याने, रविवारी सकाळी. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात पाण्याचा डबा. ओट्याशी न थांबता खोलीत गेले. गुंडाळी मागे उलगडत गेले, पट्टा सुरू झाला तिथपर्यंत. मग परत गुंडाळून ठेवली. साहेब उद्याच येतायत, एवढं म्हणाले, आणि ह्यांना घेऊन केबलच्या वाटेने वर गेले.

ते दिवस कलताना उतरले. दोघांच्या हातांवर करवंदीच्या काट्यांचे ओरखडे, तोंडं काळवंडलेली. हे ओट्यावर आडवेच झाले. हिरामणभाऊंनी डब्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि माझ्याशी बोलले ते जमिनीकडे बघत. सांधे सगळे सुके आहेत. पेटी ठीक आहे. बोगद्यातल्या नळ्याही बोलतायत, तिथे तार लावून बघितली तर स्वच्छ ऐकू येतं. जे बिघडतंय ते इथेच, खाली.

मग ते खड्ड्याशी आले आणि त्यांचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"वहिनी, एवढं पाणी?"

"सुकलं होतं म्हणून," मी म्हटलं.

"भाताच्या आवणाचा चिखल झाला आहे इथे." ते पाय काढून बाजूला झाले. मी खालीच बसले. गोदाच्या पोराचा ताप तेव्हा उतरला होता, पण ते पोर अजून भिंतीला टेकूनच बसायचं. ते माझ्या डोळ्यांपुढे आलं.

हिरामणभाऊ पाइपाशी वाकले. हात मागे बांधून, नुसतं बघत होते. पट्टी कुणी सोडली होती का, त्यांनी विचारलं.

सासूबाई उठून आल्या. "मी सोडली. गळा आवळला होता त्याचा. पट्टीवरची पंखाची चावी फिरवून सैल क्येली, शेंदूर लावला, परत घातली. त्यात काय वंगाळ क्येलं?"

"वंगाळ काही नाही आजी," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून हळूच सांगितलं. तेल आणि शेंदूर पट्टीच्या आत बसला आहे. तार दिसायला पाइपाला बांधलेली आहे, पण लोखंडाला लागतच नाही. अशी विहीर सगळी ओतली असती तरी उपयोग नव्हता. कानशीने गळ्याएवढं लोखंड घासून उघडं करायचं आणि पट्टी परत आवळायची, चहा गार व्हायच्या आत होणारं काम आहे.

त्यांनी पिशवीतून कानस काढली आणि मांडीवर ठेवून बसून राहिले.

मला कळलं ते का थांबले. देवाच्या अंगावरचा शेंदूर, तोही आमच्या गावात, त्यांच्या हाताने घासला गेला असता तर पुढे काय झालं असतं, ते त्यांना ठाऊक होतं आणि मलाही. हे उठून आले, आणा इकडे म्हणाले. हिरामणभाऊंनी कानस दिली नाही.

"आजींनी लावलाय. आजींना विचारल्याशिवाय कुणीच नाही काढायचा," ते म्हणाले. "आजी, ह्याला हलवू का?"

सासूबाई पाइपाशी येऊन बसल्या. सून बोलती झाली होती, आणि ज्याने बोलती केली त्यालाच उठवायचं होतं. "माज्यानं नाय सांगवत," त्या म्हणाल्या. "त्यालाच इचारू."

त्यांनी कौल लावला. कण्हेरीच्या दोन पाकळ्या ओल्या करून पाइपाच्या दोन बाजूंना चिकटवल्या. उजवी पडली तर हो. मग पदर डोक्यावर घेऊन विचारलं, बाबा, हलतोस का?

एकही पाकळी हलली नाही. आम्ही बसून राहिलो. कुडापलीकडे बायका जमल्या, त्यांत गोदाही होती. देव काय साहेबाच्या घाईनं हलतो व्हय, असं कुणीतरी पुटपुटलं. उन्हं अजून परसात होती, खड्ड्याच्या चिखलातून वाफ येत होती. हिरामणभाऊंच्या घरात हे काही मानत नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचं सगळं काम एका कागदावरून ठरायचं होतं. तरी ते उकिडवे बसून पाकळीकडे बघत राहिले. घाई करा म्हणाले नाहीत.

"नुसतं ऊठ म्हनलं तर कोन उठंल," सासूबाई स्वतःशीच बोलल्या. "जायाचं कुठं ते सांगाया नको?" त्यांनी पिंपळाचा पार सांगितला. पाकळ्या तशाच. मारुतीच्या देवळामागची जागा सांगितली. तशाच. मग त्या आमच्याकडे बघायला लागल्या. "तानेला हाय तो. पानी नाय तितं कशाला जाईल?"

"पाणी वर आहे आजी," हिरामणभाऊ म्हणाले. "बोगद्याच्या तोंडाशी. नळ्यांवर गळू नये म्हणून मी आतून पन्हळ काढली आहे, ती बाहेर एका दगडावर पडते. धार बारीक आहे, पण उन्हाळाभर खळ नाही."

कुडापलीकडच्या बायकांनी डोंगराकडे बघितलं. बोगद्याकडे गावातली बाई कधी गेली नव्हती. सासूबाईंनी पदर सावरला आणि ती जागा पाइपाला सांगितली, पन्हळीसकट, दगडासकट. तेल उन्हाने पातळ झालं होतं. उजवी पाकळी जरा घसरली, थांबली, आणि चिखलात पडली.

सासूबाईंनी तिला हात जोडले. लगेच कानशीला हात लावू दिला नाही. "कोन नेनार, कोन पाजनार ते आधी बोला. मिरगापर्यंत रोज. मागनं नाय म्हनायचं नाय."

हे म्हणाले, मी रोज वर जातोच. त्या नको म्हणाल्या. "जिनं इतकं दिस पाजलं, तिची सवय हाय त्याला."

सगळे माझ्याकडे बघत होते. मला त्या चिखलातच डोकं टेकून निजावंसं वाटत होतं.

"मी नेईन," मी म्हटलं.

"आनि इथल्या खड्ड्याला?" कुडापलीकडून गोदाने विचारलं. कितीतरी दिवसांनी ती माझ्याशी बोलत होती.

"तिथलंच आणीन. विहिरीचं नाही घेणार."

"डोकं फिरलंय हिचं," गोदा बाजूच्या बाईला म्हणाली. पण त्यात पहिल्यासारखी धार नव्हती.

सासूबाईंनी ओढ्यातला एक गोटा मागवला. पाइपावरचा शेंदूर स्वतःच्या बोटांनी निपटून त्या गोट्याला लावला, हळूहळू, पोराला तेल लावावं तसा. सगळा उतरल्यावर बोटं पदराला पुसून म्हणाल्या, "आता कर रं बाबा तुजं काम."

कानस लोखंडावर चालली, तिचा आवाज परसभर झाला. हिरामणभाऊंनी पट्टी आवळली आणि खोलीत गेले. मी दारात उभी राहिले. पेन दोनदा जोरात कापलं आणि मग शांत झालं. रेघ सरळ निघाली. ती सरळ जात राहिली, जात राहिली, इतका वेळ की मला वाटलं यंत्रच बंद पडलं. मग पेन उडालं. बारीक, उभी, एकटी रेघ.

हिरामणभाऊंनी त्या रेघेशी बोट नेलं. म्हणाले, "पोचला."

ते खोलीतच मुक्कामाला राहिले. निजायला जाताना मला एवढंच सांगितलं की आता खड्ड्याला चार दिवस पाणी नाही घातलं तरी चालेल, एवढी माती ओली आहे, विश्रांती घ्या. मी हो म्हटलं. गोट्याला मात्र वर नेऊन रोज पाजायचं होतं, आणि मिरग लांब होता.

पहाटे उठले तेव्हा पाय सुजलेले होते. सोमवार होता, खायचं काही नव्हतंच. तुळशीला घातलं. पाराला जाऊन पिंपळाला घातलं. परत येऊन गोटा ओल्या फडक्यात गुंडाळून रिकाम्या हंड्यात ठेवला. तो हंड्याला लागून वाजू नये म्हणून भोवती थोडा पेंढा घातला. खोलीचं दार उघडं होतं. आत हिरामणभाऊ नवा शर्ट घालून, यंत्रासमोर पाठ ताठ करून बसले होते. मला त्यांनी पाहिलं नाही.

गोदा तिच्या दारात उभी होती. तिने आपली जाड चुंबळ माझ्यापुढे धरली, माझी झिजलेली काढून घेतली. "वर निसरडं असंल," ती म्हणाली. "पाय जपून टाक गं."

तिसरं पाणी, आता गोट्याचं, अजून व्हायचं होतं, म्हणून मी बोलले नाही. तिच्या हाताला हात लावला, चुंबळ डोक्यावर बसवली, हंडा घेतला, आणि पहिल्या खांबापाशी पदर खोचून केबलच्या खालून चढाला लागले.